भोग, गाठ आणि कर्करोग : एका व्याधीविषयीच्या समजुतींचा इतिहास

रोगाचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांतून सापडतो. परंतु रोग झालेल्या माणसाने त्या रोगाविषयी काय मानले, ह्याचा इतिहास शोधावयाचा तर भाषेकडेच वळावे लागते. कोणत्या रोगाला लोकांनी कोणते नाव दिले, ते नाव मोठ्याने उच्चारले की कुजबुजत, आणि रोग्याविषयी बोलताना ‘त्याला झाले’ असे म्हटले की ‘त्याने ओढवून घेतले’ असे म्हटले, ह्या गोष्टी बोलण्याचालण्यात दीर्घकाळ टिकून राहतात. कर्करोगासंबंधी मराठी भाषिकांच्या मनात ज्या समजुती आहेत त्या कोठून आल्या, आणि त्यांचा रोग्याच्या मनःस्वास्थ्याशी काय संबंध पोहोचतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय वैद्यकाच्या सीमेवरचा असला तरी अध्यापकांना व भाषेच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये; कारण समजूत ही प्रथम शब्दांतच घडते.

विचाराला एखादे ठिकाण असावे म्हणून उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यातले गुंद हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. हा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात व पुढे मुंबई राज्यात होता. काळी नदीच्या खोऱ्यातील ह्या रानात कोकणी, मराठी आणि कानडी ह्या तिन्ही भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. जुने सुपे गाव धरणाच्या जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. दाट जंगल, मुसळधार पाऊस, दऱ्यांतून सुपारीच्या बागा, विरळ वस्ती. आणि मोठ्या दुखण्यासाठी हुबळी, बेळगाव किंवा गोवा गाठावे लागते, अशी येथील परिस्थिती आहे.

अशा गावातील एका प्रौढ बाईचे चित्र कल्पनेने उभे करावे. ते कोणा एका व्यक्तीचे नाही. पण अशा घरांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ते अनोळखी वाटणार नाही. बाईच्या तोंडात एक चट्टा पडला आहे, तो बरा होत नाही. प्रथम घरगुती औषध होते. नंतर देवाला गाऱ्हाणे घातले जाते, कौल घेतला जातो. राखणदाराचे काही राहून गेले का, कोणाची दृष्ट लागली का, अशी विचारपूस होते. सरतेशेवटी मुलगा तिला शहरात नेतो. डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन काही सांगतात. मुलगा बाहेर येऊन म्हणतो, “आई, साधी गाठ आहे, बरी होईल.” आई त्याच्या तोंडाकडे पाहते आणि काही विचारीत नाही. त्या न विचारण्यात चार प्रश्न दडलेले असतात : हे काय आहे? हे मलाच का झाले? आता माझ्या हाती काय आहे? आणि हे मी बोलू कोणापाशी?

ह्या चार प्रश्नांची उत्तरे माणूस स्वतः शोधून काढीत नाही. ती त्याला आपल्या समाजाकडून तयार मिळालेली असतात. कर्करोगाच्या बाबतीत ती कोणती मिळाली हे समजण्यासाठी अन्य रोगांची नावे आधी पाहावी लागतील.

मराठीत एका भयंकर साथीच्या रोगाला ‘देवी’ हे नाव होते. देवी ‘येत’ आणि ‘जात’. घरात देवी आली म्हणजे घराने सोवळे पाळावयाचे, रोग्याजवळ कडुनिंबाचा पाला ठेवावयाचा, त्याला दुखेल असे बोलावयाचे नाही. वैद्यकदृष्ट्या ही समजूत चुकीची होती, आणि लस टोचून घेण्याच्या आड ती अनेकदा आली हेही खरे. तथापि तिचा एक परिणाम नजरेआड करू नये. देवी आलेल्या मुलाला कोणी पापी म्हटले नाही. त्याच्या अंगी देवता उतरली आहे असे मानले गेल्यामुळे दुःख झाले तरी लाज वाटली नाही. भारतातून ह्या रोगाचे निर्मूलन झाल्याचे १९७७ साली आणि साऱ्या जगातून झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. मराठीत मात्र ते नाव राहिले आहे.

ह्याच्या अगदी उलट उदाहरण महारोगाचे. चरकाने कुष्ठाच्या कारणांत आहारविहाराबरोबर पापकर्माचाही उल्लेख केला आहे. कुष्ठाने मेलेल्यास पुढील जन्मीही कुष्ठ होते, असे सुश्रुतात म्हटले आहे. कर्मविपाकाच्या ग्रंथांनी तर रोगामागे पाप आणि पापासाठी प्रायश्चित्त अशा सविस्तर याद्याच दिल्या. हान्सेनने १८७३ साली कुष्ठाचा जंतू शोधला, परंतु रोग्याच्या माथ्यावरचा डाग त्यामुळे पुसला गेला नाही. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोड्यास बाबा आमट्यांनी जे कार्य केले त्यात औषधोपचाराइतकाच, किंबहुना अधिक, भाग ह्या समजुतीशी झगडण्याचा होता. रोगी शेती करतो, घरे बांधतो, हे लोकांनी पाहिले तेव्हा कोठे शब्दाची धार थोडी बोथट झाली.

क्षयाची गोष्ट आणखी निराळी. राजयक्ष्मा हा राजरोग. कथाकादंबऱ्यांतून तो कोमल मनाच्या, प्रेमात निराश झालेल्या माणसांना जडू लागला. कॉखने १८८२ मध्ये त्याचा जंतू दाखविला, तरी ‘झुरून झुरून क्षय झाला’ हे बोलणे पुढेही कित्येक वर्षे चालूच होते. सारांश, देवी हा देवतेचा, कुष्ठ हा पापाचा आणि क्षय हा मनाच्या कोमलतेचा रोग मानला गेला. कर्करोग लोकांच्या बोलण्यात आला तो ह्या सर्वांच्या मागून, आणि आधीच्या रोगांच्या समजुतींचा वारसा त्याच्या वाट्याला आला.

ह्यात एक विलक्षण गोष्ट अशी की, आपल्या प्राचीन वैद्यकाने ह्या रोगाला तो वारसा दिलेला नव्हता. सुश्रुताच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, गलगंड ह्यांच्याबरोबर अर्बुदाचे वर्णन येते. गोल, स्थिर, मंद वेदनेची, मोठी, खोल मुळाची, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी अशी मांसाची वाढ म्हणजे अर्बुद. एका अर्बुदावर दुसरे उठले तर ते अध्यर्बुद, जोडीने झाले तर द्विरर्बुद. रक्तार्बुद आणि मांसार्बुद ही असाध्य होत, असे ग्रंथकार स्पष्ट सांगतो. आजच्या अर्थाचा कर्करोग आणि अर्बुद हे तंतोतंत एकच, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु त्याची कारणे सांगताना सुश्रुत दोषांचा प्रकोप सांगतो, मुष्टिप्रहारासारखा आघात सांगतो, आहार सांगतो; पूर्वजन्मीचे पाप तेथे आणीत नाही. कुष्ठाच्या वेळी ज्याने पापाचे नाव घेतले त्यानेच अर्बुदाच्या वेळी ते घेतले नाही, हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

मग ‘माझ्या हातून काय पाप घडले?’ हा प्रश्न कर्करोग्याच्या मनात कोठून आला? माझ्या मते तो ‘भोग’ ह्या शब्दातून आला. मराठीत भोगणे म्हणजे उपभोगणे आणि भोगणे म्हणजे सोसणेही. सोसण्याच्या ह्या अर्थामागे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण ह्यांची सगळी मांडणी उभी आहे. दुखणे लांबले, त्याचे कारण कळेना, औषध लागू पडेना, की त्याला ‘भोग’ म्हणावयाचे, ही आपली रीत. कर्करोगात ह्या तिन्ही गोष्टी दीर्घकाळ एकत्र होत्या. म्हणून शास्त्राने जे पाप ह्या रोगाला चिकटविले नव्हते ते भाषेने चिकटविले.

तथापि ‘भोग’ ह्या कल्पनेची एकच बाजू सांगणे अन्यायाचे होईल. ‘माझे भोग आहेत, ते मी भोगीन’ असे म्हणणाऱ्या माणसाला ह्याच वाक्यातून धीरही मिळतो. जे घडले त्याला काही अर्थ आहे, ते आंधळे नाही आणि त्याला शेवटही आहे, असे तो म्हणत असतो. संतवाङ्मयाच्या श्रवणावर वाढलेल्या मनाला देह आणि देहाचा भोक्ता ह्यांतील अंतर ठाऊक असते. तेव्हा एकच शब्द एकाला अपराधी बनवितो आणि दुसऱ्याला सावरतो. हा फरक कशाने पडतो, हा ह्या विषयातील खरा प्रश्न आहे. त्याकडे वळण्यापूर्वी नव्या नावाचा आणि नव्या ज्ञानाचा वृत्तांत पाहू.

‘कर्करोग’ हा शब्द मुळात भाषांतरित आहे. ग्रीक वैद्यांना गाठीभोवती पसरलेल्या शिरांत खेकड्याचे पाय दिसले. त्यांचा शब्द लॅटिनमध्ये गेला, तेथून युरोपीय भाषांत, आणि त्याचे संस्कृत रूप करून आपण ‘कर्क’ घेतला. बोलण्यात मात्र ‘कॅन्सर’ हाच शब्द रुळला, आणि कित्येक घरांत तोही नको म्हणून ‘ते दुखणे’, ‘तसली गाठ’ असे आडून बोलण्याची चाल पडली. परका शब्द जेव्हा शब्दशः मरणाचा पर्याय होतो तेव्हा तो उच्चारणे म्हणजेच अशुभ, असे वाटू लागते.

पश्चिम भारतात ह्या रोगाकडे पाहण्याची दृष्टी बदलण्याचा पहिला मोठा प्रयत्न एका कौटुंबिक दुःखातून झाला. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये विश्वस्तनिधी स्थापन झाला. त्याच वर्षी पती दोराबजी टाटा हेही निवर्तले. पुढे टाटा विश्वस्तांनी मुंबईत परळ येथे रुग्णालय उभारले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. ज्या रोगाचे नाव घेत नाहीत त्या रोगासाठी एवढी मोठी इमारत भर वस्तीत उभी राहणे, हीच त्या काळी एक शिकवण होती. १९५१ मध्ये डॉ. जस्सावाला व नवल टाटा ह्यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटी निघाली आणि १९५२ मध्ये संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे कमल रणदिवे ह्यांच्यासारख्या पुण्यात जन्मलेल्या विदुषीने आयुष्यभर संशोधन केले.

ह्या परंपरेत डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांचे स्थान प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. पुढे १९६० ते १९६३ ह्या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले हे विकृतिशास्त्रज्ञ. १९४५ साली त्यांनी सहकारी सूर्याबाई ह्यांच्यासह रूढी आणि कर्करोग ह्यांच्या संबंधावर निबंध प्रसिद्ध केला. धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळून नेसल्यामुळे कमरेच्या त्वचेवर होणारा कर्करोग त्यांनी वर्णिला. वरवर पाहता ही बारीकशी नोंद आहे. परंतु तिने प्रश्नच बदलला. ‘मागच्या जन्मी काय केले?’ ह्या प्रश्नाच्या जागी ‘रोज काय करतो?’ हा प्रश्न आला. संचिताची जागा सवयीने घेतली. संचित बदलता येत नाही, सवय बदलता येते. म्हणून हे ज्ञान आशा देणारे होते.

मात्र ह्या नव्या ज्ञानाबरोबर एक नवी अपराधाची भावनाही आली. तंबाखू हे तोंडाच्या कर्करोगाचे कारण ठरल्यावर रोगी स्वतःस दोष देऊ लागला आणि शेजारीही त्याला दोष देऊ लागले. ‘भोग आहेत’ असे म्हणणाऱ्या समाजाने ‘खा आणखी तंबाखू’ असे म्हणावयास वेळ लावला नाही. पापाचे नाव बदलले. बोट दाखविण्याची रीत तीच राहिली. गुंदसारख्या गावात तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो, कारण तेथे सुपारी हे केवळ व्यसन नाही. ती बागाईत आहे, घरचे उत्पन्न आहे, आल्यागेल्याचे स्वागत आहे. पूजेत गणपतीच्या जागी सुपारी मांडतात. लग्न ठरते ते सुपारी फोडून. त्रावणकोरातील विडा खाणाऱ्यांच्या तोंडच्या कर्करोगाविषयी ऑर ह्या डॉक्टरने १९३३ सालीच लिहिले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा १९८५ मध्ये, आणि तंबाखूविरहित विडा व नुसती सुपारीही २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, कर्करोगकारक म्हणून नोंदविली. पूर्वजांनी लावलेली बाग, देवापुढची सुपारी आणि तोंडातला चट्टा ह्यांचा संबंध ज्या बाईला एका दिवसात कळतो तिला नुसते ‘सुपारीने झाले’ असे सांगून भागत नाही. देवापुढे ठेवावयाची सुपारी आणि दिवसभर चघळावयाची सुपारी ह्यांत फरक करता येतो, मुलानातवंडांना त्यापासून दूर ठेवता येते, आणि आजवर जे अजाणता केले त्याला पाप म्हणत नाहीत, एवढे तरी तिच्यापाशी कोणी बोलले पाहिजे.

खेड्यातल्या समजुती बदलत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना बार्शीचे उदाहरण दाखवावे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागातील देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरात रुग्णालयाच्या कागदांवरून नोंद करता येते. खेड्यात रोगी रुग्णालयात येतच नाही. म्हणून तेथील कार्यकर्ते गावोगाव हिंडले, लोकांना भेटले, लक्षणे समजावून सांगत राहिले. पुढे असे आढळले की, ह्या भागातील स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. हा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. पुढे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन तपासणीचा मोठा प्रयोग झाला. त्याचे फळ २००९ साली जाहीर झाले : विषाणूच्या एकाच तपासणीने ह्या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात. ह्या प्रयोगाची कीर्ती वैद्यकात झाली ती आकड्यांमुळे. आपण दुसरी गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या अवयवाचे नावही घेत नाहीत त्याची तपासणी करून घेण्यास मराठवाड्यातील हजारो शेतकरी बाया पुढे आल्या. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत, त्यांच्या गावात बोलले गेले, म्हणूनच हे घडू शकले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकच समजूत एकाला बुडविते आणि दुसऱ्याला तारते, ती कशामुळे? गेल्या अर्धशतकात मानसशास्त्रज्ञांनी ह्यावर बराच विचार केला आहे. लेव्हेंथल ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने असे मांडले की, प्रत्येक रोगी आपल्या रोगाचे एक चित्र मनात रेखाटतो. त्यात पाच गोष्टी असतात : रोगाची ओळख, कारण, मुदत, परिणाम आणि त्यावर चालणारा ताबा. रोगी वागतो तो ह्या चित्राप्रमाणे. डॉक्टरच्या कागदावरील चित्राप्रमाणे नव्हे. आपल्या बाईचे चार प्रश्न ह्या मांडणीहून फारसे दूर नाहीत. फक्त ‘बोलू कोणापाशी’ हा चौथा प्रश्न त्या यादीत नाही, आणि आपल्या समाजात तोच सर्वांत अवघड आहे.

लॉस एंजेलिस येथे टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या ७८ स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक सर्वजणींनी आपल्या रोगाला काही ना काही कारण जोडले होते. परंतु कोणते कारण जोडले ह्यावर त्यांचे मनःस्वास्थ्य फारसे अवलंबून नव्हते. अपवाद एक : ज्यांनी दुसऱ्या कोणा व्यक्तीला दोष दिला त्या अधिक अस्वस्थ राहिल्या. उलट, ‘रोगावर माझा काही ताबा आहे’ किंवा ‘डॉक्टरांचा ताबा आहे’ असे ज्यांना वाटत होते त्या अधिक सावरलेल्या होत्या. आपल्याकडे अलाहाबाद येथे नंदिता कोहली व अजित दलाल ह्यांनी कर्करोगग्रस्त स्त्रियांच्या समजुतींचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. त्यांना दैव, ईश्वरेच्छा आणि कर्म ही कारणे प्रामुख्याने आढळली. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की, कारणाचे नाव संस्कृतीप्रमाणे बदलते हे दिसते. मनाला आधार मिळतो की नाही हे मात्र त्या कारणाने हाती काही ठेवले आहे की नाही ह्यावर ठरते. ‘भोग आहेत, म्हणून उपचार कशाला?’ आणि ‘भोग आहेत ते भोगीन, औषधही घेईन’ ह्या दोन वाक्यांत तत्त्वज्ञान एकच आहे. त्यांच्यामध्ये अंतर पडते ते पुरुषकाराचे. चरकाने विमानस्थानात दैव आणि पुरुषकार ह्यांची चर्चा करताना दुर्बळ दैव बलवान प्रयत्नाने मागे सारले जाते, असे म्हटले आहे. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या रोग्याला तो सिद्धान्त सोडावयास सांगण्याची गरज नाही. त्याचाच हा विसरलेला अर्धा भाग त्याला आठवून द्यावयाचा आहे.

दुसऱ्याला दोष देण्यासंबंधी एक सावधगिरी येथे नोंदविणे अवश्य आहे. करणी कोणी केली, दृष्ट कोणाची लागली, असा शोध जेथे सुरू होतो तेथे रोग्याचे मन निवत नाही आणि शेजारधर्मही तुटतो. परंतु सर्वच बाह्य दोषारोप ह्या जातीचे नसतात. काळी नदीच्याच काठी, कैगा येथे, अणुवीजकेंद्र आहे. २००० सालापासून तेथे वीज निर्माण होत आहे. त्या प्रकल्पाला विरोध म्हणून कानडी साहित्यिक शिवराम कारंत १९८९ साली लोकसभेच्या निवडणुकीसही उभे राहिले होते. ह्या खोऱ्यातील लोकांच्या मनात कर्करोगाची भीती ह्या केंद्राशी जोडली गेली आहे. अशा भीतीला अडाणीपणा म्हणून झिडकारणे गैर होय, आणि पुराव्यावाचून ती पक्की करणेही गैर होय. ती सार्वजनिक शंका आहे. तिचे उत्तर नियमित नोंदणीने आणि लोकांच्या भाषेत प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनीच दिले पाहिजे. उत्तर न मिळालेली शंका रोग्याच्या उशाशी रोज रात्री येऊन बसते.

मनाच्या सामर्थ्याविषयीही अतिरेक होऊ नये. लंडन येथील ग्रीअर प्रभृतींनी १९७९ मध्ये असे सुचविले की, झुंजार वृत्तीच्या रोगिणी अधिक काळ जगतात. ही कल्पना लोकप्रिय झाली आणि ‘मन खंबीर ठेवा म्हणजे कर्करोग हरतो’ असा उपदेश घरोघर सुरू झाला. पुढे १९९९ साली ५७८ स्त्रियांच्या अभ्यासात झुंजार वृत्तीने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही; पराकाष्ठेच्या हताशपणाचा मात्र थोडा अनिष्ट परिणाम दिसला. समूहात बसून मन मोकळे केल्याने आयुष्य वाढते, असे १९८९ मधील एका अमेरिकन प्रयोगावरून वाटले होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात आयुष्य वाढले नाही, पण मनाचे क्लेश आणि वेदना मात्र कमी झाल्या. ह्याचा अर्थ असा की, मनःस्वास्थ्य हे औषध म्हणून विकू नये. ते स्वतःच एक मोल असलेली वस्तू आहे. नाही तर रोग वाढला की ‘तुझे मनच कमकुवत’ असा तिसरा दोष रोग्याच्या माथी बसतो. प्रथम पाप, मग सवय, मग मनाचा दुबळेपणा! स्वतः कर्करोगातून उठलेल्या सूसन साँटॅग ह्या लेखिकेने १९७८ साली ह्याच प्रवृत्तीवर टीका करून रोगाला रोगच राहू द्यावे, असा आग्रह धरला होता.

राहिला चौथा प्रश्न, बोलण्याचा. रोग्याला रोगाचे नाव सांगावयाचे नाही, ही आपल्याकडील चाल प्रेमातून आली आहे, हे नाकारता येणार नाही. वडीलधाऱ्यांना धक्का बसू नये, त्यांनी जेवण टाकू नये, ही त्यामागील काळजी असते. परंतु लपविणारे डोळे रोगी ओळखतो. मग तोही मुलांसाठी आपले भय लपवितो. एका घरात सर्वांना सर्व ठाऊक असते आणि कोणीच कोणापाशी बोलत नाही, अशी स्थिती येते. २००४ साली प्रदर्शित झालेल्या ‘श्वास’ ह्या मराठी चित्रपटाने हाच प्रसंग मांडला. कोकणातील एका मुलाला डोळ्यांचा कर्करोग होतो. जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार. हे त्या मुलाला सांगावयाचे कसे, हा त्याच्या आजोबांपुढचा आणि डॉक्टरांपुढचा पेच आहे. सांगितल्यावर मूल आक्रोश करते. पण नंतर आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर नेऊन डोळे भरून जग दाखवितात. सत्य सांगितल्यामुळेच ते बाहेर जाणे शक्य होते. ज्याला काही सांगितलेले नसते त्याचा निरोपही घेता येत नाही. मुंबईत १९८६ साली सुरू झालेल्या ‘शांती आवेदना’सारख्या, पुढे गोव्यातही गेलेल्या, आश्रमांनी अखेरच्या काळात वेदनाशमनाबरोबर ह्या बोलण्यालाही जागा करून दिली.

चरकाने चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. देवाचे गाऱ्हाणे पहिल्यात येते, रुग्णालयातील शस्त्रक्रिया व किरणोपचार दुसऱ्यात. तिसरी, म्हणजे मनाला अहिताच्या विचारांपासून आवरणारी चिकित्सा, आपण कोणाकडे सोपविली आहे? डॉक्टरांना वेळ नाही आणि घरच्यांना धीर नाही. गाऱ्हाण्यात एक चांगली गोष्ट होती. ते घालताना रोग्याचे नाव साऱ्या गावासमोर उच्चारले जाई आणि त्याचे दुःख गावाचे होई. रुग्णालयाच्या वाटेवर हे सामुदायिकपण मागे राहून गेले. ते जुन्या रूपात परत आणावे असे कोणी म्हणणार नाही; परंतु गावातील आरोग्यसेविका आणि शाळेतील शिक्षक ह्यांनी मनावर घेतले तर त्याचा गाभा राखता येईल.

ह्यात भाषेच्या अभ्यासकांचेही काम आहे. डॉक्टरने उच्चारलेला शब्द आणि रोगिणीने ऐकलेला शब्द ह्यांच्यामध्ये जे अंतर आहे ते मराठीने, कोकणीने आणि कानडीने भरून काढावयाचे आहे. ‘कर्करोग म्हणजे मरण’ हे समीकरण सर्वच बाबतींत खरे नाही. लवकर ओळखलेले अनेक कर्करोग बरे होतात, आणि जे बरे होत नाहीत त्यांच्या वेदना शमविता येतात, हे साध्या शब्दांत सांगणारे पाठ शाळेच्या पुस्तकांत असावेत. ‘हे काय आहे’ ह्याला खरे नाव द्यावे. ‘का झाले’ ह्याला दोष न देता उत्तर द्यावे. ‘हाती काय आहे’ ते दाखवून द्यावे. आणि ‘बोलू कोणापाशी’ ह्याला ‘आमच्यापाशी’ असे उत्तर मिळावे. गुंदच्या त्या बाईच्या मुलाने डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येऊन “आई, बस. तुला सगळे सांगतो,” एवढे म्हटले, तरी तिला आपल्या दुखण्याविषयी पहिला प्रश्न विचारता येईल.